परसातल्या सावलीचा इतिहास



आज आपण बोलणार आहोत घरामागच्या सावलीतल्या जागेबद्दल. गटाच्या बैठकीत परसबागेचा विषय निघाला की निम्म्या जणी म्हणतात, "आमच्याकडं ऊनच येत नाही, काय लावावं?" कुणाच्या घरामागं लिंबाचं मोठं झाड असतं, कुणाच्या अंगावर शेजारची भिंत आलेली असते, कुणाकडं गोठ्याच्या पत्र्याला लागून चार हात जागा असते. ही जागा वाया गेली असंच आपण धरून चालतो. पण आपल्या आज्या-पणज्यांनी ती वाया जाऊ दिली नव्हती. त्यांनी तिथं काय लावलं, का लावलं आणि ते आपल्या हातून कसं सुटलं, हे आज बघू.

बागांचा इतिहास पुस्तकात असतो, पण तो बहुतेक राजेरजवाड्यांचा. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबरा आहे. १६६० च्या सुमारास तो बांधला, तेव्हा त्याच्याभोवती चार भागांची आखीव बाग केली, मधून पाण्याचे पाट काढले. त्याआधीच मलिक अंबरनं शहरासाठी नहर खोदली होती. ही सगळी माहिती लिहिलेली आहे, नकाशे आहेत. सेलूच्या किंवा दुधनाकाठच्या एखाद्या गावातल्या बाईनं न्हाणीच्या पाण्यावर काय लावलं होतं, त्याचा कागद कुठंच नाही. शेताची नोंद महसुलात व्हायची, कारण शेतावर सारा होता. निजामाच्या काळात तसंच, नंतरही तसंच. सातबाऱ्यावर कापूस येतो, जवारी येते, तूर येते. घरामागचा चमकुरा येत नाही.

मग हा इतिहास शोधायचा कुठं? आपल्या सणांत, आपल्या ताटात आणि आपल्या जुन्या घरांच्या बांधणीत.

आधी घर बघू. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, घराला घर लागून, मधे अरुंद बोळ. पुढं वट्टा, मागं न्हाणी. पुढच्या अंगणात ऊन, म्हणून तिथं तुळस. तुळशीला ऊन लागतं, ती सावलीत खुरटते. मागच्या बाजूला न्हाणीचं पाणी वाहून जायचं आणि भिंतीची सावली पडायची. ओल आणि सावली अशी दोन्ही एका जागी मिळाली की तिथं तण माजतं, चिखल होतो, डास होतात. त्या जागेवर बायांनी चमकुरा लावला. पुण्यामुंबईकडं ज्याला अळू म्हणतात तोच हा. त्याचं मोठं पान पाणी ओढतं, कमी उन्हात वाढतं, जागा कोरडी ठेवतं आणि वर भाजी देतं. सांडपाण्याची सोय आणि भाजीची सोय एकाच झाडानं केली.

आता ताट बघू. भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी उपवास करणाऱ्या बाईनं बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नियम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य चालत नाही. मग काय चालतं? हातानं खुरपून, घराजवळ लावून जे आलं ते. चमकुऱ्याची पानं आणि देठ, सुरण, भोपळा, दोडका, कुंपणावरच्या वेलाच्या शेंगा. या व्रताच्या कहाणीत बाईच्या पाळीला दोष दिला आहे. तो आम्ही मानत नाही आणि तुम्हीही मानू नका. पण त्या ताटातल्या भाजीकडं इतिहास म्हणून बघा. वर्षातून एक दिवस असा ठेवला आहे की ज्या दिवशी घर फक्त बाईच्या हातच्या बागेवर जेवतं. बैल नाही, नांगर नाही, सावकाराचं बी नाही. ही बाग होती याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

त्याच सुमारास आपल्याकडं महालक्ष्म्या बसतात. जेवणाला सोळा भाज्यांची मिसळ करायची पद्धत मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आहे. आज आपण त्या सोळा भाज्या बाजारातून पाव-पाव किलो आणतो. पण ज्या काळी ही पद्धत पडली त्या काळी बाई बाजाराला कुठली जाणार? परसात, कुंपणावर, बांधावर सोळा प्रकार असल्याशिवाय असा नैवेद्य ठरलाच नसता.

या झाडांचं वय किती, हेही ऐकण्यासारखं आहे. हरियाणात फरमाणा नावाचं गाव आहे. तिथं सिंधू संस्कृतीच्या काळची वस्ती सापडली. स्वयंपाकाच्या जुन्या भांड्यांना चिकटलेले कण संशोधकांनी तपासले, तर त्यात हळद आणि अद्रक निघाली. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी चुलीवर हळद घालून कालवण केलं होतं. हळद आणि अद्रक ही दोन्ही मुळात झाडाखालची, अर्ध्या सावलीत आनंदानं राहणारी. आपण ती शेतात उन्हात लावतो तरी तिच्या कडेनं एरंड लावायची जुनी पद्धत आहे, ती उगीच नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली वसमतची हळद आज दूरदूरच्या बाजारात जाते. पण ती शेतात यायच्या आधी परसात होती.

झाडाची सावली किती दाट असावी याचाही विचार जुन्या लोकांनी केला होता. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात झाडांवर एक प्रकरण आहे. दोन झाडांत २० हात अंतर उत्तम, १६ हात मध्यम आणि निदान १२ हात तरी असावं, असं तो सांगतो. झाडं खेटून लावली तर मुळं एकमेकांत अडकतात आणि फळ नीट येत नाही, हेही त्यानं लिहिलं आहे. एक हात म्हणजे साधारण दीड फूट. २० हात म्हणजे ३० फूट झाले. एवढं अंतर ठेवलं की झाडाखाली चाळणीतून गाळल्यासारखं ऊन येतं, आणि त्या उन्हात खाली दुसरं काही घेता येतं.

काही लोकांनी तर सावली मुद्दाम तयार केली. पानमळा त्याचं उदाहरण. नागवेलीला कडक ऊन सोसत नाही, गरम वारा तर मुळीच नाही. म्हणून पानमळ्यात आधी शेवरी, हदगा, पांगारा लावायचे. ती झाडं वाढली की त्यांच्या बुंध्याशी वेल. झाडानं वेलाला आधार दिला, सावली दिली आणि वर त्याचा वेगळा उपयोग झालाच. हदग्याच्या फुलांची भाजी होते, शेवरीचा पाला शेळी खाते. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडं बारी समाजातल्या शेतकऱ्यांनी याच रीतीनं पिंपळी पिकवली. पिंपळी म्हणजे आपल्या काढ्यात पडते ती औषधी पिंपळी. विदर्भातला उन्हाळा काही आपल्यापेक्षा सौम्य नाही. तरी तिथं पिंपळीसारखं नाजूक पीक टिकलं ते फक्त सावलीमुळं.

या सगळ्या झाडांत सारखं काय आहे, याचा आम्ही गटात बसून विचार केला. तीन गोष्टी हाती आल्या. एक, ते झाड कमी उन्हात आणि घरातल्या वापरलेल्या पाण्यावर जगतं. दोन, ते एका कामाचं नसतं. भाजी, औषध, पूजा, चारा, सांडपाणी, कुंपण यातली दोन-तीन कामं तरी ते करतंच. तीन, ते आपलं आपण पुन्हा येतं. चमकुरा, हळद, सुरण यांचे गड्डे उन्हाळ्यात पाणी नसलं तरी जमिनीत झोपून राहतात आणि पाऊस पडला की वर येतात. पुदिना, पानओवा, नागवेल काडीवर लागतात. बी विकत घ्यायला नवऱ्याकडं पैसा मागावा लागत नाही. ज्या बाईच्या नावावर जमीन नव्हती, हातात पैसा नव्हता, तिनं अशीच झाडं निवडली. ती तिला माहेराहून मिळायची, शेजारणीकडून मिळायची.

मग हे सुटलं कुठं? एकदम सुटलं नाही, हळूहळू सुटलं. माळवदं गेली, सिमेंटची घरं आली, घरामागचं फरशीखाली गेलं. न्हाणीचं पाणी नालीत गेलं. पूर्वी शिकेकाईचं आणि राखेचं पाणी झाडाला चालायचं. साबणाची पावडर आली तसं ते पाणी भाजीला घालण्याजोगं राहिलं नाही. धरणामुळं किंवा रस्त्यामुळं ज्यांची गावं हलली त्यांना नव्या जागी घर लवकर मिळतं, पण सावली मिळायला दहा वर्षं जातात. आणि एक गोष्ट बोलली पाहिजे. परस सगळ्यांकडं कधीच नव्हतं. गावकुसाबाहेर ज्यांना राहावं लागलं त्यांना पाणीही मोकळेपणानं मिळत नव्हतं, तिथं बाग कसली? त्या बायांनी फुटक्या माठात, डब्यात, झोपडीच्या कुडाला वेल लावला. तोही याच इतिहासाचा भाग आहे.

जे लिहून ठेवलं नाही ते हातचं जाऊ शकतं, याचं एक मोठं उदाहरण सांगतो. १९९५ साली अमेरिकेत एक पेटंट दिलं गेलं. पेटंट म्हणजे एखाद्या शोधावर सरकारनं दिलेला मालकीहक्क. ते पेटंट होतं जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं! मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांनी ते घेतलं होतं. आपल्याकडं लेकराचं बोट कापलं की आई आधी हळद दाबते, आणि त्याचा शोध १९९५ मध्ये लागला म्हणे! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे, आईनं कष्ट करून शिकवलेले. पण "आमच्या सगळ्या आया हे करतात" एवढं सांगून तिथं भागत नव्हतं. छापलेला, लिहिलेला पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे काढले, १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख काढला. बत्तीस पुरावे दिले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढं २००१ पासून अशा जुन्या ज्ञानाचा मोठा संग्रह सरकारनं तयार करायला घेतला.

यातून आपण काय घ्यायचं? हळद वाचली कारण ती ग्रंथात होती. पण खोकल्याला कोणतं पान, शेळीला कोणता पाला, भिंतीच्या कोणत्या बाजूला कोणता गड्डा, यातलं कितीतरी फक्त म्हाताऱ्या बायांच्या डोक्यात आहे. त्यांच्याबरोबर ते जाईल. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांचा ठेवा त्यांनी सांभाळला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जे बियांचं केलं ते आपल्याला गड्ड्यांचं आणि काड्यांचं करता येईल.

दुसरा मुद्दा मालकीचा. १९८४ साली शेतकरी संघटनेचं अधिवेशन आपल्या परभणीत भरलं होतं. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. शेतकऱ्यांनी आपल्या मनानं थोडी जमीन बायकोच्या नावावर करावी, असं शरद जोशींनी आवाहन केलं आणि कितीतरी जणांनी केली. त्याच काळात त्यांनी सीताशेती हा शब्द दिला. शेतातला एक छोटा तुकडा बाईच्या हाती द्यायचा, तिनं तिथं घराला लागेल ते पिकवायचं. आमच्या मते परस ही त्याहून जुनी सीताशेती आहे. आणि तिला कागदाचा आधारही मिळू शकतो. २००३ साली शासनानं ठरवलं की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करायची. घर दोघांच्या नावावर असेल तर घरामागच्या जागेबद्दल बोलायलाही तुम्हाला आधार मिळतो. तिथं तुम्ही आंब्याचं किंवा शेवग्याचं झाड लावलं आणि उद्या कुणी म्हणालं "तुझं काय आहे इथं?" तर दाखवायला कागद असेल. ज्यांनी अजून नाव लावलं नाही त्यांनी या महिन्यात ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ बघून घ्या.

आता लावायचं काय ते बोलू. 'उमेद'नं २०२० मध्ये पोषण परसबागेची मोहीम घेतली, गोल वाफ्यांची बाग आपल्यातल्या कितीतरी जणींनी केली. पण पालेभाजीची ती बाग उन्हातली. सावलीसाठी निवड वेगळी.

आधी सावली ओळखा. एक दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्या जागेवर जाऊन बघा. भिंतीच्या पूर्वेला सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली पडते. आपल्या परभणीच्या उन्हाळ्यात ही सगळ्यात चांगली जागा. तिथं हळद, अद्रक, पुदिना, गोडलिंब लावा. उन्हाळ्यात कोथिंबीर भाव खाते, ती याच जागेवर चांगली येते. लिंबाखाली, शेवग्याखाली गाळीव ऊन असतं. तिथं हळद, आंबेहळद, सुरण आणि पानओवा लावा, आणि लिंबावर गुळवेल चढवा. ओल आणि सावली जिथं दोन्ही आहे तिथं चमकुरा. कुंपणाला अडुळसा लावा. तो अर्ध्या सावलीत वाढतो आणि शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. चिंचेखाली, पत्र्याखाली जिथं दिवसभर अंधार असतो तिथं खाण्याचं काही लावायच्या भानगडीत पडू नका. ती जागा खताच्या खड्ड्याला किंवा सरपणाला ठेवा.

आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. हळद आणि अद्रकीचे गड्डे साचल्या पाण्यात सडतात. म्हणून जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात शेणखत आणि पालापाचोळा घाला. वैशाखाच्या शेवटी किंवा जेठात गड्डे लावले तर आठ-नऊ महिन्यांनी, म्हणजे संक्रांतीनंतर हळद काढता येते. सावलीतली हळद उन्हातल्या शेताएवढी भरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण घराच्या वर्षाच्या मसाल्यापुरती आणि लेकीच्या हळदीपुरती नक्की होते. पाणी द्यायचं ते भाजी-तांदूळ धुतलेलं. साबण-पावडरचं पाणी खाण्याच्या झाडाला नको.

काही काळजीच्या गोष्टीही लक्षात ठेवा. चमकुरा आणि सुरण घशाला खाजतात, म्हणून चिंच किंवा आंबट ताक घालून चांगले शिजवा. अडुळसा गरोदर बाईनं घेऊ नये. गुळवेलीचे काढे डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज पिऊ नका.

कोकणात याचीच मोठी आवृत्ती केली आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये इथं नारळ संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी, केळी, अननस घ्यायची पद्धत बसवली. तिला 'लाखीबाग' म्हणतात. कोकणातला पाऊस आपल्याकडं नाही, जायफळ आपल्याकडं येणार नाही. त्यांची झाडं उचलू नका. वरच्या झाडाखाली मधलं झाड, मधल्याखाली गड्डा, हा हिशेब मात्र आपलासुद्धा आहे.

शेवटची गोष्ट. अंगणवाडी, शाळा, दवाखाना इथं आता सुशोभीकरण होतं. रोपवाटिकेतून रंगीत पानांची झाडं येतात आणि सावलीत ठेवली जातात. त्यात डिफेनबेकिया नावाचं पांढऱ्या ठिपक्यांचं एक झाड असतं. त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. लहान लेकरं जिथं खेळतात तिथं हे झाड कशाला? ग्रामसभेत उभं राहून आपण सांगू शकतो की अंगणवाडीच्या भिंतीकडेला गोडलिंब, हळद आणि पुदिना लावा. दिसायलाही चांगलं दिसेल, आहारातही पडेल. रोपं गटाकडून घ्या म्हणावं, गटालाही चार पैसे मिळतील.

पुढच्या बैठकीला येताना दोन कामं करून या. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला विचारा, तिच्या आईच्या घरामागं सावलीत काय काय होतं, कोणत्या बाजूला होतं आणि कशाला वापरायचे. तिचे शब्द जसेच्या तसे गटाच्या वहीत लिहा, तारीख घाला, तिचं नाव तिला विचारून घाला. आणि येताना एक गड्डा किंवा एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. प्रत्येकीनं एक आणला तर बैठक संपताना गटाकडं कितीतरी प्रकार जमलेले असतील. आपल्या आज्यांची रोपवाटिका अशीच चालायची.